शून्याची सहा पानं

शनिवार, ७ मार्च

आज सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या वर्गात, चौदा माणसांच्या देखत, माझी चार पानं बाजूला काढण्यात आली. वेळ मी भिंतीवरच्या घड्याळात पाहिली आणि मनगटावरच्या घड्याळाशी ताडून घेतली. पुढेमागे कोणी 'असं काही झालंच नाही' म्हणायला नको.

घडलं ते असं. टोपीवाले तळ्यावरच्या मोजणीची पानं गोळा करत होते. टोपीवाले म्हणजे आमचे प्रशिक्षक. वर्गातही टोपी काढत नाहीत, त्यामुळे खाली काय आहे हे अजून कोणाला ठाऊक नाही. माझी पानं हातात घेतली, चष्मा वर केला, खाली केला, आणि कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं, 'पुन्हा पाहणे'. मग ती गठ्ठ्यात न ठेवता टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, डस्टरखाली सरकवली. डस्टरखाली!

"का?" मी विचारलं.

"आपण नंतर बोलू, मॅडम."

"नंतर म्हणजे कधी?"

"नंतर," ते म्हणाले आणि फळ्याकडे वळून बेडकांविषयी बोलू लागले. बेडूक त्यांना कधीच उलट प्रश्न विचारत नाहीत, म्हणून त्यांना फार आवडतात.

एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. त्यातली बारा सुपरवायझर म्हणून. कानाला हेडफोन आणि हातात पेन्सिल. माझ्या हातचा कागद आजवर कोणी डस्टरखाली ठेवला नव्हता.

सगळं नीट लिहून ठेवते. तळ्याच्या पूर्वेच्या काठाला लव्हाळी आहेत, पुरुषभर उंच. तिथून पालिकेला फरशीची पायवाट काढायची आहे, लोकांना फिरायला. आजवर लोक काय सरपटत होते? निसर्ग मंडळाने अर्ज केला की लव्हाळ्यात वटवट्या नावाचा पक्षी घरटी करतो. पालिका म्हणाली, मोजून दाखवा. दहा मिनिटांच्या मोजणीत सरासरी तीन पक्षी भरले तर पायवाट नाही, कमी भरले तर पायवाट. मोजायला माणसं हवीत म्हणून हा स्वयंसेवक निसर्ग-मार्गदर्शकांचा वर्ग. मी पहिल्या दिवशी नाव घातलं. माझ्या खिडकीतून ती लव्हाळी दिसतात. ती वाचावीत असं या वर्गात माझ्याइतकं कोणालाही वाटत नसेल.

पण म्हणून मी नसलेले पक्षी लिहू?

एका जागी दोघं मोजतात. न बोलता, एकमेकांच्या पानात न डोकावता. लव्हाळ्याची जागा माझी, आणि माझ्या जोडीला गवंडी आहेत, खरोखरचे गवंडी, भिंती बांधणारे. हा वटवट्या करंगळीएवढा. दिसत नाही, आवाजावरून मोजायचा. चार सकाळी आम्ही उभे राहिलो. गवंड्यांचे आकडे सहा, पाच, सात, चार. माझे शून्य, शून्य, शून्य, शून्य. नाव वटवट्या आणि तोंडातून शब्द नाही! त्यांची पानं गठ्ठ्यात आणि माझी डस्टरखाली.

रविवार, ८ मार्च

मंडळाला तक्रार लिहिली. तीन प्रती काढल्या. तिसऱ्या परिच्छेदात एक शब्द चुकला, त्यावर एकच सरळ रेघ मारली आणि बाजूला सही केली. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर सांगत, चुकलेलं गिरगटून झाकायचं नाही. खालचं वाचता आलं पाहिजे, आणि रेघ कोणी मारली हेही कळलं पाहिजे. गिरगटणाऱ्या मुलींना त्या सबंध पान पुन्हा लिहायला लावत. आता असल्या शाळा नाहीत, म्हणून माणसं पेन्सिलीने 'पुन्हा पाहणे' लिहून मोकळी होतात.

घरात वेगळाच वैताग. दाराची घंटा परत बिघडली. दूधवाला म्हणतो, तीनदा वाजवली. वायरमनला बोलावलं, तो दुसऱ्यांदा येऊन गेला आणि दुसऱ्यांदा म्हणाला, "काही झालेलं नाही, बाई, उत्तम वाजतेय." याला काय परवाना लॉटरीत लागला?

धाकटीने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्या हातावर पैसे ठेवले. धाकटी म्हणजे माझी बहीण. साठीची झाली तरी धाकटीच. तिचे यजमान गेल्यापासून इथेच असते. अलीकडे तिचं एक नवीन सुरू झालंय. मी खोलीत आले की टीव्हीचा आवाज कमी करते.

"अगं, बातम्या लागल्यात, राहू दे की आवाज," मी म्हणाले.

"ताई, खालच्या मजल्यावरची सून दोनदा येऊन सांगून गेली."

"कधी आली?"

"तू घरातच होतीस."

मला कोणी दिसलं नाही. खालच्या मजल्याला उगीच नखरे.

गुरुवार, १२ मार्च

पाचवी मोजणी. सहा वाजून तीस मिनिटं ते सहा चाळीस. धुकं नाही, वारा नाही.

आज गवंड्यांविषयी लिहितेच. माणूस तसा सभ्य आहे. कामावर परस्पर जायचं म्हणून पिशवीत थापी आणि ओळंबा घेऊन येतो. नखांत सिमेंट, पण अक्षर माझ्या अपेक्षेपेक्षा चांगलं. मला 'बाई' म्हणतो, शाळेतल्या बाईंना म्हणावं तसं. पण एक खोड वाईट. उभं राहिलं की त्याचं कोपर माझ्या कोपराला लागतं. एकदा नाही, राहून राहून. आज मी मुद्दाम दोन पावलं सरकले. तोही सरकला. पुन्हा कोपर! पुरुषांना सरळ उभं राहायला शिकवण्याची सोय कुठे असते कोण जाणे. मी डोळे वटारले. त्याने पाठ फिरवली आणि पानावर रेघ ओढली.

पाचच मिनिटांत चार रेघा. लव्हाळी मुकाट हलत होती. पलीकडे बदकं बोलत होती, कावळा ओरडत होता, लांबून ट्रक गेला. सगळं मला स्वच्छ ऐकू येत होतं. म्हणजे कान जागेवर आहेत. वटवट्या नाही.

वेळ संपल्यावर त्याने तोंड उघडलं, "बाई, एक विचारू का? तुम्हाला तो..."

"पानाबद्दल बोलायचं नाही, असा नियम आहे," मी म्हणाले.

"नियम आहे खरा," तो म्हणाला आणि पिशवी उचलून गेला.

त्याचे पाच. माझं शून्य.

शनिवार, १४ मार्च

आज कसोटी होती. टोपीवाल्यांनी दहा पक्ष्यांचे आवाज लावले आणि आम्ही नावं लिहायची. पारवा, बदक, कावळा, बगळा, सगळे पहिल्या फटक्यात. सात बरोबर. उरलेल्या तीन ठिकाणी त्यांचं यंत्र अडकलं. आवाजच आला नाही. मी तसं स्पष्ट लिहिलं, 'यंत्र बंद'. बाकीच्यांनी तिथेही नावं लिहिली होती! शेजारच्या नर्सबाईंच्या पानावर तर चक्क 'वटवट्या'. पोपट झालेत सगळे. मास्तरांना जे हवं ते लिहायचं.

टोपीवाल्यांनी माझं पान हातात घेतलं आणि तिन्ही 'यंत्र बंद' बोटाने मोजले.

"मॅडम, तुम्ही एक्स्चेंजमध्ये किती वर्षं होतात?"

"एकतीस. एका वेळी सहा लाइनी ऐकत होते. खरखरीतून माणूस ओळखत होते. मला कान शिकवू नका."

"नाही, नाही. तसं नाही." मग ते वय आणि थकवा असं काहीतरी पुटपुटले, वाक्य अर्धवट गिळलं आणि खिडकी उघडायला गेले. खिडकी उघडीच होती.

मी तक्रारीची प्रत त्यांच्या टेबलावर ठेवली. आणि मग जे बोलायचं होतं ते सगळ्यांसमोर बोलले. माणसाच्या पाठीमागे बोलायची मला सवय नाही.

"या जागी पक्षी नाही," मी म्हणाले. "मी पाच सकाळी उभी राहिले. आणि यांच्या पानावर दर वेळी पाच, सहा, सात. हे पक्षी येतात कुठून? विटा रचतात तसे रचता का हो?"

कोणी हसलं नाही. गवंड्याने टोपण लावून पेन खिशात ठेवलं.

"मी ऐकले तेवढेच लिहिलेत, बाई."

"मग मी काय बहिरी आहे?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. नर्सबाई नखांकडे बघत होत्या. म्हणजे मुद्दा सगळ्यांना पटला होता.

घरी येताना मात्र पायऱ्यांवर जरा चुकल्यासारखं वाटलं. विटांचं बोलायला नको होतं. बाकी सगळं बरोबर होतं.

गुरुवार, १९ मार्च

सहावी मोजणी. गवंडी वेळेवर आला. 'नमस्कार बाई' म्हणाला आणि पाच पावलं लांब उभा राहिला. कोपर नाही. बरं झालं.

दहा मिनिटं फार लांबली. त्याचे सहा. माझं शून्य.

मंगळवार, २४ मार्च

जिंकले!

मंडळाचं पत्र आलं. 'आपल्या तक्रारीचा विचार करून आपली सहाही पानं मोजणीत धरण्यात येत आहेत.' मंडळाच्या वतीने टोपीवाल्यांची सही. कारण-मीमांसा काही नाही, दिलगिरी तर नाहीच. पण पानं धरली.

धाकटीला पत्र वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती.

"म्हणजे आता काय होणार?" तिने विचारलं.

"म्हणजे खरं ते कागदावर येणार."

"मी लव्हाळ्याचं विचारतेय, ताई."

मी म्हणाले, जे खरं असेल ते होईल. खोट्या पक्ष्यांच्या जिवावर वाचलेली लव्हाळी मला नकोत. धाकटीने उरलेली भाजी देठांसकट टोपलीत टाकली आणि आत गेली.

शनिवार, २८ मार्च

पालिकेच्या सभागृहात निकाल. खुर्च्या कडक, पंखा बंद.

इंजिनिअर म्हणून एक तुळतुळीत गृहस्थ आहेत, पायवाट त्यांचीच. त्यांनी फळ्यावर बेरीज केली. गवंड्यांच्या सहा मोजण्या मिळून तेहेतीस. माझ्या सहा मिळून शून्य. बारा पानं, सरासरी पावणेतीन. तीनपेक्षा कमी. पायवाट मंजूर. सोमवार, २० एप्रिल, सकाळी आठ वाजता लव्हाळी कापायला यंत्रं येतील.

"या बाईंचे विशेष आभार," इंजिनिअर म्हणाले. "स्वतःच्या मंडळाविरुद्ध उभं राहून खरी नोंद करणारे लोक आता दुर्मिळ झालेत."

टाळ्या वाजल्या. पालिकेच्या खुर्च्यांवरून. आमच्या खुर्च्यांवरून नाही. सन्मान झाला की माणसाला बरं वाटतं म्हणे. मी मांडीवरच्या कागदावर पावणेतीनचा भागाकार पुन्हा करून पाहिला.

गवंडी उठले आणि माझ्या खुर्चीसमोरून गेले. रागाने बघितलं असतं तर मी दोन शब्द सुनावले असते. पण त्यांनी 'येतो, बाई' म्हटलं आणि दार आवाज न करता लावलं.

मंगळवार, ३१ मार्च

सकाळी एकटीच लव्हाळ्यात गेले. मला माझ्याच शून्याची एकदा खात्री करून घ्यायची होती. बूट काढून चिखलात उतरले. या वयात. कोणी पाहिलं नसावं.

पावणेसातला तो दिसला. पहिल्यांदाच. माझ्यापासून दोन हातांवर, एका काडीला तिरपा चिकटलेला. मातकट रंग, डोळ्यावर फिकट रेघ, शेपटी वर. पुस्तकातल्या चित्रासारखा वटवट्या. मी श्वास रोखून उभी राहिले.

काय सांगावं. पक्ष्याची चोच सताड उघडी होती. आतला पिवळा रंग दिसत होता. गळा थरथरत होता, सबंध अंग थरथरत होतं, ती काडीसुद्धा हलत होती. आणि आवाज काही नाही. चोच मिटली, पुन्हा उघडली. नऊ मिनिटं मी घड्याळ लावून बघत होते. समोरच्या काडीवर दुसरा आला, त्यानेही तेच केलं. पक्षी आजारी असावेत. तळ्याच्या पाण्यात काही मिसळत असेल तर पालिकेला जाब विचारला पाहिजे.

वर रस्त्याने एक बाई लहान मुलीला घेऊन चालली होती. मुलगी थांबली, लव्हाळ्याकडे बोट दाखवलं आणि दोन्ही हातांनी कान झाकून हसायला लागली.

बुधवार, १ एप्रिल

रात्रभर ती मुलगी डोळ्यांसमोर होती.

सकाळी धाकटी आंघोळीला गेली तेव्हा मी बाहेर जाऊन दार ओढून घेतलं आणि घंटेच्या बटनावर बोट ठेवलं. काही नाही. जोरात दाबलं. काही नाही. मग दुसरा हात दारावर टेकवला. दार थरथरत होतं. बारीक, सारखं, त्या काडीसारखं.

मी बोट काढलं नाही.

धाकटी ओल्या केसांनी धावत आली. "अगं, किती वाजवतेस! आग लागलीय का कुठे?"

"वाजतेय?" मी विचारलं.

तिने माझा हात बटनावरून काढला. म्हणाली, "आत ये आधी, ताई."

"कधीपासून वाजतेय?"

"आत ये."

शुक्रवार, ३ एप्रिल

कानाच्या डॉक्टरांकडे. कानावर हेडफोन चढवला तेव्हा क्षणभर घरी आल्यासारखं वाटलं. आवाज आला की बोट वर करायचं. सुरुवातीचे सगळे जाड आवाज आले, बोट खाली राहत नव्हतं. मग बराच वेळ काहीच नाही.

"सुरू करा की," मी काचेपलीकडच्या बाईंना म्हणाले.

त्यांनी हेडफोन काढायला सांगितला. चार मिनिटं सुरूच होतं.

कागदावर एक रेघ काढून दिली आहे. अर्ध्यापर्यंत सरळ, नंतर जिना उतरावा तशी खाली. माणसांची बोलणी, ट्रक, कावळे, बदकं या बाजूला. घंटा, ती वाजवणारी खालची सून आणि वटवट्या त्या बाजूला. डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं कानाला यंत्र लावून काम केलं की असं होतं, फार हळू होतं, माणसाला स्वतःला कळत नाही.

"इतरांना कळतं?" मी विचारलं.

"इतरांना आधी कळतं," ते म्हणाले.

धाकटी शेजारी बसून पर्सची चेन उघडझाक करत होती. आवाज येत नव्हता. दिसत होतं.

सोमवार, ६ एप्रिल

दवाखान्यामागच्या गल्लीत गवंडी कुंपणाची भिंत बांधतात, हे नर्सबाईंकडून काढून घेतलं. अकरा वाजता गेले. ते ओळंबा सोडून भिंत तपासत होते. मला पाहून थापी बादलीत ठेवली.

"मी तुम्हाला खोटं ठरवलं," मी उभ्या उभ्याच सांगितलं. बसले असते तर बोलता आलं नसतं. "तुम्ही खोटे नव्हतात. मला तो आवाज ऐकू येत नाही. कागद आणलाय, बघायचा असेल तर."

त्यांनी हात फडक्याला पुसून कागद घेतला, रेघेवरून बोट फिरवलं.

"इथून खाली गेलात होय," ते म्हणाले. एखाद्या भिंतीविषयी बोलावं तसं. मला ते आवडलं.

"ते कोपर," मी म्हणाले.

ते लाजले. "नियम मोडला मी. बोलायची बंदी होती. म्हटलं, तो ओरडला की कोपर लावावं, बाईंच्या लक्षात येईल. दुसऱ्या सकाळीच मला शंका आली होती. माझे वडील असेच झाले होते. घरात कोणी काही बोललं की म्हणायचे, तुम्हीच पुटपुटता."

"मग तोंडाने का नाही सांगितलंत?"

"बाई, तुमच्या तोंडाला कोण लागणार?"

मला हसू आलं आणि त्याच वेळी दुसरंही काहीतरी. त्यांनी विटांच्या थप्पीवर फडकं अंथरलं आणि मला बसवलं.

"वर्गात तुम्ही विचारलंत, मी बहिरी आहे का," ते म्हणाले. "तेव्हा सांगायला पाहिजे होतं. पण माणूस चिडून विचारतं तेव्हा त्याला उत्तर नको असतं असं वाटतं."

"आता हवंय," मी म्हणाले. "आता तुम्हाला ऐकू येणारं सगळं सांगा."

त्यांनी वटवट्याचा आवाज तोंडाने काढून दाखवला. ओठ पुढे, जीभ दाताला. मला हवेचं नुसतं फुस्स ऐकू आलं. रस्त्यावरून जाणारा सायकलवाला मात्र वळून बघत गेला.

शनिवार, ११ एप्रिल

वर्ग भरल्याबरोबर उभी राहिले आणि गवंड्यांची माफी मागितली, मोठ्या आवाजात, चौदा माणसांच्या देखत. जिथे चिखल उडवला तिथेच पुसला पाहिजे. नर्सबाई रडल्या. त्यांना कारण लागत नाही.

मग टोपीवाल्यांना विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"फेब्रुवारीतच, वर्गाच्या तिसऱ्या शनिवारी," ते म्हणाले. आणि आज पहिल्यांदा त्यांनी टोपी काढून हातात धरली. खाली सर्वसाधारण डोकं आहे. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. म्हटलं, पानं गुपचूप बाजूला ठेवावीत."

"आणि नंतर धरलीत का?"

"तुमच्या तक्रारीला नकार द्यायचा तर कारण लिहावं लागलं असतं, मॅडम. ते माझ्याने लिहवलं नाही."

म्हणजे एका म्हातारीला वाईट वाटू नये म्हणून अख्खं लव्हाळं कापायला निघाले! वायरमन तेवढा खरं बोलला, त्याच्या परवान्याला मी नावं ठेवली. धाकटीने टीव्ही कमी केला, नर्सबाईंनी नखं बघितली, सगळे माझ्याशी इतके चांगले वागले की सहा शून्यं पालिकेच्या दप्तरी गेली. इतकी वर्षं उद्धट म्हणून मला बोलणी खावी लागली. एकाने तरी माझ्याशी उद्धटपणा करायचा होता.

पानं परत मागितली. "ती इंजिनिअरसाहेबांकडे गेलीत," म्हणाले. मंडळाचं पत्र आता दाखल करून घेणार नाहीत, मुदत संपली. सोमवारी गेले तर शिपाई सांगेल, साहेब मीटिंगमध्ये आहेत. तेव्हा आज दुपारी माझ्या जवळच्या सहा नकला काढल्या. प्रत्येकावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकच सरळ रेघ मारली, खाली सही आणि तारीख. शून्य वाचता येतं. रेघ कोणी मारली तेही कळतं. सोबतचं पत्र इथे उतरवून ठेवते.

"पालिकेच्या इंजिनिअरसाहेबांस,

२८ मार्च रोजी आपण माझे जाहीर आभार मानलेत. ते परत करत आहे.

मी सहा सकाळी लव्हाळ्यात पक्षी नाही असं लिहिलं. पक्षी होता. मला ऐकू येत नव्हता. कानाच्या तपासणीचा कागद जोडला आहे. त्यावरची रेघ जिथे खाली जाते त्याच्याही खाली वटवट्या ओरडतो. ३१ मार्चला मी स्वतः दोन वटवटे दोन हातांवरून पाहिले. चोच उघडी होती. पक्षी आजारी नव्हते.

माझी मागणी अशी. एक, माझी सहाही पानं मी रद्द करत आहे, ती मोजणीतून काढावीत. उरलेल्या सहा पानांची सरासरी साडेपाच येते. बेरीज आपल्याच फळ्यावर पुन्हा करून पाहावी. दोन, माझ्या जोडीच्या गवंड्यांच्या नोंदीवर मी वर्गात संशय घेतला, तो माझा दोष होता, हे दप्तरात लिहावं. तीन, यापुढे मोजणीला बसणाऱ्या प्रत्येकाचे कान आधी तपासावेत, प्रशिक्षकांचेही. माझ्यापुरतं म्हणाल तर मी डोळ्यांनी दिसतील ते पक्षी मोजीन आणि पानावर तसं लिहीन.

मुदत संपली हे उत्तर मला चालणार नाही. पानं माझी, चूक माझी, आणि पक्षी अजून तिथे आहे.

आपण मला भेटायला बोलावू नये, कोणाकडून निरोप धाडू नये, आणि माझं वय बघून गोड बोलू नये. ते एकदा झालं, म्हणूनच हे पत्र लिहावं लागतंय. नकार असेल तर कारणासकट लिहावा.

सोमवारी, २० तारखेला सकाळी आठ वाजता लव्हाळ्यात आपली यंत्रं येणार आहेत. त्यांचा आवाज जाड असतो. तो मला उत्तम ऐकू येतो, आणि त्या वेळी मी लव्हाळ्यातच उभी असेन. तेव्हा त्याआधी, शुक्रवार, १७ एप्रिल, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत, आपलं लेखी उत्तर, सही आणि शिक्क्यासह, माझ्या घरी पोचतं करावं. घंटा वाजवून थांबू नये. दार ठोठावावं, जोरात."